डोक्यापाशीचं स्टूल

जालन्यातली निदान निम्मी पाळीव कुत्री मी एकदा तरी आडवी केली आहेत. बढाई न्हाई मारत, धंदाच तसा. गुरांचा डॉक्टर. अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली नऊ वडीगोद्रीच्या दवाखान्यात, आणि निवृत्तीनंतर मस्तगडात दोन खोल्यांचा स्वतःचा दवाखाना. शहरात गाई-म्हशी कितीशा उरल्या, म्हणून मंग कुत्री. जालन्याच्या उन्हात लोक केसाळ विलायती कुत्री पाळतात आणि ती धापा कामून टाकून राह्यली म्हणून मलाच विचारतात. अशा जनावराचं काही फाडायचं-शिवायचं झालं की भूल द्यावी लागते, आणि भुलीसाठी आमच्याकडं जी औषधं असतात त्यातलं एक केटामाइन. ज्या औषधानं मी एवढी जनता आडवी केली, त्याच औषधानं मला उभं करायचं एका डॉक्टरीणबाईनं ठरवलं, तेव्हा मी तिच्या तोंडावर हसलो. दीड वर्षात पहिल्यांदा हसलो.

त्या दीड वर्षाचं आधी सांगतो. निवृत्त झाल्यावर चारेक महिन्यांत मी बसलो. बैल बसतो तसा. ओढा, ढकला, शेपूट पिरगाळा, उठतच न्हाई. काय दुखतंय? काही न्हाई. काय कमी आहे? काहीच न्हाई. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, हे आज परत? दात घासायचे, परत? दवाखान्यात जायचो, खुर्चीत बसायचो, समोर कुत्रं भुंकत असायचं आणि मला ते काचेपलीकडून ऐकू यायचं. जेवणाला चव न्हाई, पेपर वाचवत न्हाई, भांडायलासुद्धा मजा येईना. आणि भांडण हा तर माझा जुना शौक.

लोकांनी सल्ले दिले. सल्ल्याला काय खर्चा लागतो? गावाकडून थोरला भाऊ आला आणि दवाखान्याच्या शटरला लिंबू-मिरची बांधून गेला; म्हणाला, नजर लागली. शेजारच्या साहेबांनी पहाटे पाचला मोतीबागेत चालायला नेलं. तिथं पंचवीस म्हातारे हात वर करून खोटं खोटं हसत होते. मला ते बघून रडू आलं, आणि साहेबांना वाटलं गुण आला. एक जण म्हणाला, "तुम्हाला आता कसलं टेन्शन? पेन्शन चालू, पोरगी सुखात पुण्याला." हे तर फारच लागायचं. कारण त्याचं बराबर होतं. दुःखाला कारण असलं की माणूस ताठ मानेनं दुःखी राहतो. मला कारणच सापडत नव्हतं, म्हणून वरून लाज.

बायको जिल्हा परिषदेत नोकरीला. तिची रजा माझ्यापाशी बसण्यातच संपली, मंग नाइलाजानं कामावर जायला लागली. दहाला जायची ती सहाला परत. दुपारी एकच्या ठोक्याला तिचा फोन यायचा, "जेवलात का?" तिला माझ्या जेवणाचं काही पडलेलं नव्हतं. मी जिवंत आहे का, एवढंच तिला ऐकायचं असायचं. हे तिलाही माहीत, मलाही माहीत. मी म्हणायचो, "जेवलो." ती म्हणायची, "बरं." एवढाच आमचा संसार राहिला होता.

गोळ्या झाल्या. पहिलीनं तोंडाला कोरड, दुसरीनं बारा तास झोप, तिसरीनं पोट सुटलं. मन होतं तिथंच. शेवटी बायको मला संभाजीनगरला एका मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली. बाई माझ्या पोरीच्या वयाची. तिनं आडवळण न घेता विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

"मरायचं म्हणजे उठून काहीतरी करावं लागतं, मॅडम," मी म्हणालो. "एवढी उमेद असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

बायको शेजारीच होती. ती खिडकीकडं बघायला लागली. माझा विनोद तिला आवडला न्हाई, आणि खरं सांगायचं तर तो विनोद नव्हताच.

मंग बाईनं केटामाइनचं काढलं. भुलीला देतात त्यापेक्षा पुष्कळ कमी, सलाइनमधून हळूहळू, मशीन लावून, दवाखान्यातच. काहींना एक-दोन दिवसांतच फरक पडतो, काहींना बिलकुल पडत न्हाई. पडला तरी टिकेल असं सांगता येत न्हाई. त्या वेळेपुरता रक्तदाब चढतो, मळमळतं, तासभर माणूस स्वतःपासून सुटल्यासारखा होतो. फार घेतलं तर लघवीची पिशवी खराब होते. आणि सवय लागते. शहरातली काही पोरं हेच नशेला घेतात म्हणे. हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सरळ सांगितलं, काही लपवलं न्हाई. इथं मी हसलो.

"मॅडम, ते माझ्या कपाटातच आहे. कुत्र्यांसाठी."

लिहिता लिहिता तिचा पेन थांबला. "कपाटाची किल्ली कोणाकडं असते?"

"माझ्याकडं. दवाखाना माझा आहे."

"आजपासून ह्यांच्याकडं," तिनं बायकोकडं बोट केलं. "आणि कपाटातलं औषध परत जाईल. त्याशिवाय मी सुरू करणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "अहो, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी हे औषध वापरून राह्यलोय."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि पुढं लिहायला लागली.

कपाटातला माल घाऊकवाल्याकडं परत गेला. किल्ली बायकोच्या पर्समध्ये गेली. मोठी शस्त्रक्रिया आली की दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवायची असं ठरलं. एक बाटली मात्र राहिली. स्कूटरच्या डिक्कीत माझी व्हिजिटची पिशवी असते, तिच्यात कापसाच्या गुंडाळीमागं, अर्धी. पुढं सगळं उघडं पडल्यावर मी बायकोला म्हणालो, विसरलो होतो. साफ खोटं. ती तिथं आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि माहीत असण्यानं बरंही वाटत होतं.

पहिल्या सलाइनच्या दिवशी मला पलंगावर झोपवलं, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा. नर्सनं बायकोला सांगितलं, "तुम्ही इथं डोक्यापाशी बसा, ओळखीचा माणूस असला की घाबरत नाहीत." तिनं स्टूल ओढलं. ते बघून मला वडीगोद्रीची एक गोष्ट आठवली.

माझ्या दवाखान्यात एक नियम होता. भूल दिलेल्या जनावराच्या डोक्यापाशी मालकानं बसायचं. ह्या औषधात जनावराचे डोळे उघडे राहतात. लोकांना वाटतं जागं आहे. जागंबिगं काही नसतं. कुठंतरी लांब गेलेलं असतं, आणि परत येताना भेदरतं. म्हणून डोळ्यांवर ओलं फडकं ठेवायचं, डोक्यावर हात ठेवायचा, ओळखीच्या आवाजात बोलत राहायचं, आणि ते उठून आपल्या ताब्यात येईपर्यंत हलायचं न्हाई. एकदा एक शेतकरी आल्ता, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणायचो. त्याच्या कुत्र्याचं पोट रानडुकरानं फाडलं होतं. मी तासभर खपून शिवलं आणि हात धुवायला गेलो, तर मामा चहा प्यायला फाट्यावर गेल्ता. तेवढ्यात कुत्रं धडपडून टेबलावरून खाली, निम्मे टाके उसवले. मी मामाला चारचौघांत असा झाडला की हॉटेलवाल्यानं चहाचा गाळ काढायचं सोडून ऐकलं. "जनावर तुमचं का माझं? ते तिकडं एकटं गेलंय, आणि तुम्हाला चहा सुचतो?" परत टाके घातले तेव्हा मामा संध्याकाळपर्यंत डोक्यापाशीच्या स्टुलावर बसून राह्यला, लघवीलाही उठला न्हाई. कुत्रं वाचलं.

तर आता मीच त्या जागी. सलाइन सुरू झालं. आधी ओठ गेले, मंग पाय, मंग माझं वजन. खुंटीला सदरा टांगावा तसा मी कुठंतरी वर टांगलेला, आणि खाली एक टकला माणूस झोपलेला. त्याचं टक्कल एवढं पसरलंय हे मला तोवर माहीत नव्हतं. गंमत म्हणजे त्याच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. दीड वर्ष जो कोणी माझ्या छातीवर बसला होता, तो उठून चहाला गेल्ता.

बायको नंतर सांगायची की मी नर्सला हुकूम सोडून राह्यलो होतो. "मागचे पाय धरा." "कान गार पडले का बघा." भुलीत जनावर गार पडायला लागलं की आधी कानाला कळतं. नर्स तोंड दाबून हसली म्हणे. बायकोनं मात्र माझे कान खरोखर हात लावून बघितले आणि सांगितलं, "गरम आहेत हो."

पहिल्या खेपेला फरक न्हाई. दुसऱ्या खेपेनंतर परत येताना बदनापूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला मोसंबीचा ढीग दिसला आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "थांबव रे जरा." बायकोनं दचकून विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, मोसंबी खायची. तिथंच उभं राहून मी सहा खाल्ल्या. रस हनुवटीवरून सदऱ्यात गेला. सातवी सोलताना बघतो तर बायको गाडीत तोंड फिरवून रडत होती. मोसंबीवाला घाबरला, म्हणाला, "आंबट निघाली का बाई?"

सहा खेपा झाल्या. माणूस झालो. हे मी कोणाहीपुढं सांगायला तयार आहे. घाऊकवाल्याशी भांडलो. दवाखान्याला रंग दिला. दुपारी एकला बायकोचा फोन आला की मीच आधी विचारायचो, "तू जेवलीस का?" आणि तिकडून तिचं हसू ऐकू यायचं. ज्यांना कुठलीच गोळी लागू पडत न्हाई, त्यांच्यातल्या काहींसाठी हे औषध दार उघडतं. माझ्यासाठी उघडलं.

पण ते दार परत लागायला लागतं, हेही खरं. बाईनं आधीच सांगितलं होतं, "उतरतंय असं वाटलं की लगेच फोन करा. बघू, तपासू, गरज असली तर मधूनमधून एखादी खेप देऊ. पण स्वतःच्या मनानं काही नाही." महिना-सव्वा महिना गेला आणि एका सकाळी दात घासताना वाटलं, हे परत?

आता फोन करायचा की न्हाई? न्हाई केला. कामून न्हाई केला? डॉक्टर ना मी! पोरीच्या वयाच्या बाईला काय सांगायचं, की तुमचा रंग उडाला? आणि बायकोला काय सांगू? तिनं नुकतंच परत गजरा घ्यायला सुरुवात केली होती. तिच्या तोंडावरचं ते हसू जाताना बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी बरं असल्याचं नाटक करत राह्यलो. दहा-बारा दिवस एकचा फोन आला की मी आवाज चढवून म्हणायचो, "तू जेवलीस का?" आणि ठेवला की टेबलावर डोकं टेकायचो.

त्या दिवशीही फोन आला. मी नुसतं म्हणालो, जेवलो; तू जेवलीस का, हे विचारायचं राहिलं. डबा बंदच होता. मंग स्कूटरपाशी गेलो आणि डिक्की उघडली.

माझं तर्कशास्त्र ऐका. मला मरायचं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. मला फक्त मोसंबी खाल्ली त्या दिवसासारखं व्हायचं होतं. औषध तेच, हात तोच, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. संभाजीनगरला जायचं काय नडलंय? बाटली उघडून किती दिवस झाले, पोटात आधीच्या कोणत्या गोळ्या आहेत, मशीन न्हाई, रक्तदाब बघायला कोणी न्हाई, यातलं काही म्हणजे काही मी धरलं न्हाई. माझ्या हाताखाली कोणी असा अडाणीपणा केला असता तर मी त्याला चपलेनं मारला असता. शटर अर्धं खाली ओढलं, कारण पूर्ण ओढलं तर शेजारी विचारतात. कुत्र्याच्या टेबलावर चढलो. पाय गुडघ्यापासून खाली लोंबत होते. डोक्यापाशी मालकाचं स्टूल होतं. रिकामं होतं आणि मी ते बघितलंही होतं. सुई मांडीत टोचली.

ह्या खेपेला खुंटीबिंटी काही न्हाई. मी पडत राह्यलो. विहिरीत पडावं आणि विहिरीला कठडा, पाणी, तळ काहीच नसावं. मी कोण ते आठवेना. मी मेलो का, हे कोणाला तरी विचारायचं होतं. एक बाई होती, तिला विचारायचं होतं, तिला काय म्हणतात तो शब्दच सापडेना. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली न्हाई. ओरडायला तोंड कुठं असतं तेही कळेना. आणि हे किती वेळ चाललं ते मला माहीत न्हाई, कारण तिथं वेळ नावाचीच वस्तू नव्हती.

मंग डोळ्यांवर काहीतरी गार आलं. ओलं. तंबाखूचा आणि घामाचा वास आला. कपाळावर एक जड, खरखरीत हात आला. आणि आवाज. "होऽ... होऽ राजा... बस, बस... हितंच हाय मी... होऽ..." बैलाला चुचकारतात तसा. मी त्या आवाजाला धरलं. दुसरं धरायला काही नव्हतंच. तो थांबला की मी परत पडायचो, सुरू झाला की थांबायचो. तो थांबायचा मात्र श्वास घेण्यापुरताच.

हळूहळू टेबल आलं, पाठ आली, मंग मळमळ आली. मला कुशीवर केलेलं होतं आणि तोंडाखाली टेबलाखालची लोखंडी पाटी होती. मी पोटभर ओकलो. मंग कोणीतरी डोळ्यांवरचं ओलं उपरणं काढलं, आणि स्टुलावर वडीगोद्रीचा मामा बसला होता.

"आलं का भानावर?" तो म्हणाला. मला न्हाई, स्वतःलाच.

"मामा? तुम्ही कसं..."

"मोंढ्यात माल इकाया आल्तो. कुत्रीला गोचिड्या झाल्या, म्हणलं साहेबाला दवाई इचारावी. वाकून आत आलो तं तुम्ही असे. डोळे सताड उघडे, आन् मला वळखंना. खाली सुई पडल्याली, बाटली पडल्याली. म्हणलं, हे तं आपल्या कुत्र्यावाणी झालं. उपरणं भिजवलं आन् बसलो."

"किती वेळ झाला?"

"अंबडच्या दोन येष्ट्या गेल्या माझ्या."

मी हिशोब केला, तासाच्या वर झाला होता. एवढा वेळ! "अहो मामा, मंग कोणाला बोलवायचं ना! शेजारी हाक मारायची! मी मरून राह्यलो असतो तर?"

मामाच्या तोंडावर खरोखरचं आश्चर्य होतं. "उठायचं कसं? तुम्हीच सांगितल्यालं, डोक्यापासून हलायचं न्हाई म्हणून. केवढे वरडले व्हते. तुमचा फोनबी वाजून राह्यला व्हता तिकडं टेबलावर. दोनदा वाजला. मी न्हाई उठलो."

आता सांगा, ह्या माणसाला मी काय बोलणार? चूक होती ती. माणसाला कुत्र्याचा नियम लावला होता त्यानं. माणूस असा पडलेला दिसला तर आधी ॲम्बुलन्स बोलवायची असते, हे कोणीही सांगेल, आणि मी पण आज तेच सांगीन. पण त्याला तो नियम शिकवणारा मी, आणि मोडणाराही मीच. त्याला हसावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मला हुंदका आला. मी टेबलावर उठून बसलो आणि त्या म्हाताऱ्याच्या धोतरावर डोकं ठेवून लहान लेकरासारखा रडलो. तो आपला थोपटत राह्यला. "होऽ... होऽ..."

रडून झाल्यावर मला अक्कल आली, म्हणजे माझी नेहमीची, वाकडी. मी पाटी धुतली, बाटली खिशात घातली, तोंडावर पाणी मारलं. म्हणालो, "मामा, झालं ते झालं. आता बरा आहे मी. गोचिडीची दवाई देतो, तुम्ही निघा. आणि हे कोणाला बोलू नका."

मामा स्टुलावरून हलला न्हाई.

"मामा, येष्टी जाईल."

"जाऊ द्या. मालकीण कुठं हाय?"

"कोण मालकीण?"

"तुमची." तो शांत होता बिलकुल. "बोलवा त्यांना. माझ्या कुत्र्याच्या टायमाला मी म्हणलं व्हतं, साहेब, दिवस कलून राह्यला, जातो आता. तुम्ही जाऊ देलं का? म्हणले, जनावर उठून मालकाच्या ताब्यात आल्याबिगर न्हाई. मंग मी कसा जाऊ?"

मी चिडलो, विनवलं, थापा मारल्या. ती मीटिंगमध्ये आहे म्हणालो. तो म्हणाला, बसतो. शेवटी फोन हातात घेतला. तिचे दोन फोन येऊन गेल्ते. लावला तर पहिल्या रिंगलाच उचलला, आणि ती "हॅलो" म्हणाली न्हाई, "जेवलात का" म्हणाली न्हाई. नुसता श्वास ऐकू आला.

मी म्हणालो, "मी जेवलो न्हाई. दहा दिवस झाले, मी बरा न्हाई. दवाखान्यात ये."

ती रिक्षानं आली. शटरखालून वाकून आत आली, माझा ओला सदरा बघितला, पाटी बघितली. मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिनं ती उचलली आणि लेबल वाचलं. मी म्हणालो, "विसरलो होतो पिशवीत." तिनं मान वर करून बघितलं फक्त. मी म्हणालो, "न्हाई. विसरलो नव्हतो." तिनं बाटली पर्समध्ये टाकली, त्या किल्लीच्याच शेजारी.

तेव्हा कुठं मामा उठला. गुडघे धरून, भिंतीला टेकून, कारण पाय बधिर झाले होते. त्यानं उपरणं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्या बायकोसमोर उभं राहून माझेच शब्द मला शोभतील अशा आवाजात सांगायला लागला. "बाईसाहेब, ताब्यात घ्या. वकाऱ्या झाल्या दोन. आता लगेच खायला देऊ नका, पाणी घोट घोट. हिंडू फिरू देऊ नका, तोल जातो. आन् एकट्याला सोडायचं न्हाई."

ती तशीच उभी होती, ऑफिसची पर्स खांद्याला. "किती दिवस?" तिनं विचारलं.

मामानं माझ्याकडं हात केला. "ते साहेबाला इचारा. ते मला संध्याकाळपत्तोर म्हणले व्हते, पण ते कुत्र्याचं."

मामा गोचिडीची दवाई घेऊन गेला, तिसऱ्या येष्टीला. बायकोनं शटर वर केलं, संभाजीनगरला बाईंना फोन लावला आणि मला न विचारता सगळं सांगितलं, पिशवीसकट. बाईंनी आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात दाखवा आणि उद्या सकाळी इकडं घेऊन या म्हणून सांगितलं. रिक्षा मागवली. ती यायला पाच मिनिटं होती. मी टेबलाच्या कडेला बसलो होतो, पाय लोंबत.

"सांगा ना," ती म्हणाली. "किती दिवस एकट्याला सोडायचं न्हाई?"

हा प्रश्न मला हजार लोकांनी विचारला असेल. बैलाचा, शेळीचा, कुत्र्याचा. माझं उत्तर तयार असायचं, मान वर न करता द्यायचो.

"माहीत न्हाई गं," मी म्हणालो.

तिनं पर्स खाली ठेवली आणि डोक्यापाशीचं ते स्टूल ओढलं. बसली, आणि माझ्या कानाला हात लावून बघितला.